दारावरची थर्मल गन : उपकरणाचे आणि त्यावरच्या भरवशाचे परीक्षण

रुग्णालयांतील उपकरणांची देखभाल-दुरुस्ती हा माझा व्यवसाय असल्यामुळे, पुण्यातील आमच्या गृहनिर्माण संस्थेने मार्च २०२० मध्ये प्रवेशद्वारासाठी थर्मल गन घ्यायचे ठरवले तेव्हा ती निवडण्याचे काम साहजिकच माझ्याकडे आले. ती गन आजही संस्थेच्या कार्यालयात असून चालू स्थितीत आहे. परदेशातून एखाद्या नव्या विषाणूची बातमी आली किंवा शहरात फ्लूचे रुग्ण वाढले की शाळा, मंगल कार्यालये आणि सोसायट्या पुन्हा याच उपकरणाची चौकशी करू लागतात आणि "कोणती घेऊ?" हा प्रश्न माझ्यापर्यंत येतो. कंपनीचे नाव सांगून हा प्रश्न मिटवता आला असता, परंतु तसे करणे मला योग्य वाटत नाही. उपकरण म्हणून थर्मल गन बऱ्यापैकी चांगली आहे. मात्र कोविड महामारीच्या सुरुवातीच्या आठवड्यांत तिच्यावर जे काम सोपवले गेले ते तिला कधीच जमणारे नव्हते, आणि ते तिला जमते आहे या समजुतीमुळे धोका ओळखायला आपल्याला उशीर झाला, असे माझे स्पष्ट मत आहे. म्हणून या परीक्षणात उपकरणाइतकाच त्याच्या वापराचाही विचार केला आहे.

आधी उपकरणाविषयी. आम्ही घेतलेले मॉडेल बाजारात सर्वत्र मिळते त्याच धाटणीचे आहे. पांढरे प्लास्टिकचे अंग, पिस्तुलासारखी मूठ, तर्जनीखाली येणारे बटण, मागच्या बाजूला छोटा पडदा आणि मुठीत बसणारे दोन पेन्सिल सेल. बटण दाबल्यापासून एका सेकंदाच्या आत आकडा उमटतो. ताप नसेल तर पडदा हिरवा होतो, थोडा असेल तर नारिंगी आणि जास्त असेल तर लाल होऊन शिट्टी वाजते. सेल्सिअस आणि फॅरनहाइट अशी दोन्ही एकके निवडता येतात. 'बॉडी' आणि 'सरफेस' असे दोन मोडही असतात, आणि यांतील दुसरा मोड चुकून चालू राहिला तर दिवसभराची सगळी नोंद वाया जाते, हे घेणाऱ्याला दुकानदार सहसा सांगत नाही. प्लास्टिकचा दर्जा मध्यम आहे. आमची गन पहारेकऱ्याच्या टेबलावरून अनेकदा पडली, तरी काच शाबूत राहिली आणि आकड्यांतही फरक पडला नाही. टंचाईच्या त्या दिवसांत किंमत मात्र नेहमीच्या कित्येक पट मोजावी लागली, आणि पावतीवर वॉरंटीचा शिक्का मारून देण्यास विक्रेत्याने नकार दिला.

या उपकरणाचे तत्त्व सरळ आहे. प्रत्येक उबदार वस्तू डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण बाहेर टाकत असते. मानवी त्वचेतून निघणाऱ्या किरणांचा मोठा हिस्सा ८ ते १४ मायक्रॉन तरंगलांबीच्या पट्ट्यात असतो. गनच्या तोंडाशी असलेले भिंग ते किरण एका संवेदकावर एकत्र आणते, संवेदक त्यांचे विद्युत संकेतात रूपांतर करतो आणि आतली चिप त्यावरून त्वचेचे तापमान काढते. कपाळाची त्वचा शरीराच्या आतल्या भागापेक्षा दोन-तीन अंशांनी थंड असते, म्हणून 'बॉडी' मोडमध्ये चिप त्या आकड्यात ठरावीक वाढ करून आपल्याला शरीराचे तापमान दाखवते. म्हणजे पडद्यावरचा आकडा हा प्रत्यक्ष मोजमापावर बेतलेला अंदाज असतो. गन स्वतः कोणतेही किरण सोडत नाही, ती फक्त येणारे किरण टिपते. त्यामुळे तिने मेंदूच्या पेशी मरतात किंवा डोळ्यांना इजा होते, अशा अर्थाचे जे संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होते त्यांत काहीही तथ्य नव्हते. तरीही त्या संदेशांचा परिणाम झाला. लोक कपाळ पुढे करण्याऐवजी मनगट पुढे करू लागले आणि पहारेकरीही वाद नको म्हणून मनगटावर गन धरू लागले. मनगटाची त्वचा कपाळाहून आणखी थंड असते आणि चिपची वाढ कपाळाच्या हिशेबाने बसवलेली असते. परिणामी अंगात ताप असणाऱ्या माणसाचाही आकडा सुखरूप येऊ शकतो.

कपाळावर धरूनही अचूकता परिस्थितीवर अवलंबून राहते. गन कपाळापासून तीन ते पाच सेंटीमीटरवर धरावी लागते. हातभर अंतरावरून धरली तर कपाळाच्या आजूबाजूचे तापमानही मोजमापात मिसळते. कपाळावरचा घाम, तेल, गंध किंवा नुकतीच काढलेली टोपी यांचा परिणाम होतो. गन ज्या जागेत वापरायची तेथे ती आधी दहा ते तीस मिनिटे ठेवावी लागते, अन्यथा ती स्वतःच्या थंडपणाचा किंवा गरमपणाचा आकडा त्यात मिसळते. आमच्या पहारेकऱ्याची खोली पत्र्याची आहे. मार्चअखेरच्या दुपारी ती इतकी तापते की आत ठेवलेली गन बाहेर आणून लगेच वापरली तर आकड्यावर विसंबता येत नसे. वातानुकूलित मोटारीतून काच खाली करून कपाळ पुढे करणाऱ्याचा आकडा कमी येई आणि हेल्मेट काढून उभ्या राहिलेल्या दुचाकीस्वाराचा जास्त.

त्या दिवसांतील नोंदवही मी जपून ठेवली आहे. नाव, फ्लॅट क्रमांक, वेळ आणि तापमान असे चार रकाने आहेत. शेवटच्या रकान्यात पानेच्या पाने ९४.१, ९३.८, ९५.० असे फॅरनहाइटमधले आकडे आहेत. ९५ अंशांच्या खाली शरीराचे तापमान गेले तर वैद्यकशास्त्र त्याला हायपोथर्मिया म्हणते आणि त्या माणसाला तातडीने रुग्णालयात न्यावे लागते. आमच्या वहीप्रमाणे भाजी आणायला गेलेले निम्मे रहिवासी त्या अवस्थेत पायी परत येत होते. आकड्याखाली पहारेकऱ्याची सही आहे, आठवड्याच्या शेवटी समितीच्या सदस्याची सही आहे आणि कोठेही प्रश्नचिन्ह नाही. पहारेकऱ्याला यात दोष देता येणार नाही, कारण आकडा लाल नसेल तर माणूस आत सोडायचा एवढेच त्याला सांगितलेले होते. नोंद ठेवली जात होती, परंतु ती वाचली जात नव्हती.

घरगुती वापरासाठी मात्र मी या उपकरणाला चांगले गुण देईन. झोपलेल्या मुलाला न उठवता ताप पाहता येतो, अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांच्या बाबतीत काखेत थर्मामीटर धरून ठेवण्याची यातायात वाचते, आणि एकाच माणसाचे तापमान एकाच खोलीत, एकाच अंतरावरून दर काही तासांनी पाहिले तर ते चढते आहे की उतरते आहे हे पुरेशा विश्वासाने कळते. साध्या डिजिटल थर्मामीटरशी ताडून पाहिले असता आमच्या गनचा आकडा बंद खोलीत सहसा अर्ध्या अंश सेल्सिअसच्या आतबाहेर राहतो. एवढी अचूकता घरात पुरेशी आहे. आकडा संशयास्पद वाटला तर थर्मामीटर काखेत लावून खात्री करून घ्यावी.

आता तिच्यावर सोपवलेल्या कामाविषयी, आणि हा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

३१ डिसेंबर २०१९ रोजी वुहानमधील न्यूमोनियाच्या रुग्णांची माहिती जागतिक आरोग्य संघटनेपर्यंत पोहोचली. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यापासून मुंबई, दिल्ली आणि कोलकाता येथील विमानतळांवर चीनमधून येणाऱ्या प्रवाशांचे तापमान तपासले जाऊ लागले. ३० जानेवारीला संघटनेने आंतरराष्ट्रीय चिंतेची सार्वजनिक आरोग्य आणीबाणी जाहीर केली आणि त्याच दिवशी वुहानहून केरळमध्ये परतलेल्या विद्यार्थिनीच्या रूपाने भारतातील पहिला रुग्ण नोंदला गेला. ४ मार्चला सर्व आंतरराष्ट्रीय प्रवाशांची तपासणी करण्याचे ठरले. दूरचित्रवाणीवर त्या काळात रोज दिसणारे दृश्य एकच होते, रांगेत उभे असलेले प्रवासी आणि त्यांच्या कपाळावर रोखलेली गन. रोग दारावर अडवला जात आहे, असा त्या दृश्याचा अर्थ सर्वांनी घेतला. आमच्या संस्थेच्या सभेतही "विमानतळावर तपासतात, आपणही गेटवर तपासू" हाच मुद्दा मांडला गेला आणि तो सर्वांना पटला.

पुण्यातील पहिल्या रुग्णांची हकिगत या समजुतीला लागू करून पाहावी. दुबईची सहल करून १ मार्चला परतलेल्या एका दांपत्याचा अहवाल ९ मार्चला बाधित आला. ते महाराष्ट्रातील पहिले नोंदलेले रुग्ण होते. मधल्या दिवसांत ते मुंबईहून टॅक्सीने पुण्याला आले होते आणि आपल्या घरी राहत होते. दुसऱ्याच दिवशी त्यांची मुलगी, त्यांना आणणारा टॅक्सीचालक आणि विमानातील एक सहप्रवासी यांचेही अहवाल बाधित आले. या प्रवासात प्रत्येक वळणावर गन उभी केली असती तरी काय फरक पडला असता, याचा विचार त्यावेळी फार थोड्यांनी केला. विषाणूची लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत सरासरी पाच-सहा दिवस जात, काहींच्या बाबतीत चौदा दिवसही लागत. त्यातही, लक्षणे दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच माणूस इतरांना संसर्ग देऊ शकतो हे पुढे स्पष्ट झाले. ज्या दिवसांत अडवायला हवे त्या दिवसांत अंग गार असते. गन अंगाची उष्णता पाहते, आणि ती कितीही अचूक असली तरी जे अजून तापलेलेच नाही ते तिला दिसणार कसे?

हे सगळे नंतर सुचलेले शहाणपण आहे, असे म्हणून बाजूला सारता येणार नाही, कारण माहिती त्याच वेळी उपलब्ध होती. चीनमधील १,०९९ रुग्णांचा अभ्यास २८ फेब्रुवारी २०२० रोजी प्रसिद्ध झाला. रुग्णालयात दाखल होतेवेळी त्यांच्यापैकी ४३.८ टक्के रुग्णांनाच ताप होता. रुग्णालयात असताना हे प्रमाण ८८.७ टक्क्यांवर गेले. म्हणजे दाखल करून घ्यावे लागले अशा रुग्णांपैकीही निम्म्याहून अधिक जण त्या दिवशी गनसमोरून बिनदिक्कत आत गेले असते. त्याच महिन्यात लंडनमधील संशोधकांनी गणिती प्रारूपाच्या आधारे असा अंदाज मांडला होता की निघताना आणि उतरताना अशी दोन्हीकडे तपासणी केली तरी १०० बाधित प्रवाशांपैकी सुमारे ४६ जण निसटतील. याहून जुना अनुभव कॅनडाचा होता. २००३ मध्ये सार्स या गंभीर श्वसनविकाराच्या साथीत तेथील विमानतळांवर माहितीपत्रके, प्रश्नावली आणि काही ठिकाणी उष्णता टिपणारे कॅमेरे वापरून सुमारे ६५ लाख तपासण्या झाल्या, सुमारे ९,१०० प्रवाशांना पुढील चौकशीसाठी बाजूला घेण्यात आले आणि त्यांत सार्सचा एकही रुग्ण सापडला नाही. शिवाय सार्समध्ये रुग्ण आजारी दिसू लागल्यानंतरच मुख्यतः संसर्ग पसरवत असे, म्हणजे ताप पाहून पकडण्यासाठी तो आजार कोविडपेक्षा सोपा होता. एप्रिल २०२० मध्ये न्यू यॉर्क परिसरातील ५,७०० दाखल रुग्णांची माहिती प्रसिद्ध झाली, तेव्हा रुग्णालयात आल्यावर पहिल्या तपासणीत ताप असलेल्यांचे प्रमाण ३०.७ टक्के निघाले.

तापाच्या गोळीचा मुद्दाही आहेच. जानेवारी २०२० मध्ये वुहानहून फ्रान्सला गेलेल्या एका महिलेने, ताप उतरवणारे औषध घेऊन विमानतळावरील तपासणी पार केल्याचे समाजमाध्यमावर स्वतःच लिहिले होते. पॅरिसमधील चिनी दूतावासाला त्यात लक्ष घालावे लागले. आपल्याकडे पॅरासिटामॉल किराणा दुकानातही मिळते, आणि अंग मोडून आले की गोळी घेऊन कामावर जाणे ही लाखो लोकांची सवय आहे. त्यामागे अनेकदा लबाडी नसून त्या दिवसाची मजुरी असते.

त्या मार्चमध्ये माझ्या आजूबाजूला काय बोलले जात होते ते मला स्पष्ट आठवते. ९ मार्चला होळी होती, दुसऱ्या दिवशी धुळवड. "उन्हाळा सुरू झाला, आता तो टिकणार नाही", "आपण लहानपणापासून धुळीत वाढलो, आपल्याला काही होत नाही", "साधा फ्लूच आहे, उगाच बाऊ केला आहे" ही वाक्ये सुशिक्षित, संसारी, एरवी सावध माणसे बोलत होती. त्यांना मूर्ख म्हणणे अन्यायाचे होईल. ११ मार्चला जागतिक आरोग्य संघटनेने हा प्रसार महामारी असल्याचे म्हटले आणि १३ मार्चला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडून ही आरोग्य आणीबाणी नसून घाबरण्याचे कारण नाही, असे सांगण्यात आले. सर्वसामान्य माणूस यातून आपल्याला सोयीचे तेच उचलणार. त्यातच चाचण्या मुख्यतः परदेश प्रवास केलेल्यांच्या आणि त्यांच्या संपर्कातील लोकांच्या होत होत्या. तीव्र श्वसनविकाराने रुग्णालयात दाखल झालेल्या सर्वांची चाचणी करण्याचे धोरण २० मार्चला आले. त्यामुळे रोज जाहीर होणारा आकडा लहान दिसत होता. जो आकडा आज जाहीर होतो तो आठ-दहा दिवसांपूर्वी झालेल्या लागणीचा असतो, आणि दर काही दिवसांनी दुप्पट होणाऱ्या गोष्टीच्या बाबतीत आठ-दहा दिवस म्हणजे फार मोठे अंतर. ९ मार्चला राज्यात २ रुग्ण होते, २५ मार्चला, म्हणजे गुढीपाडव्याला, ते शंभराच्या पुढे गेले होते, आणि १२ जूनला राज्याने १ लाखाचा टप्पा ओलांडला.

या वातावरणात गनने काय केले, हा माझ्या परीक्षणाचा गाभा आहे. तिने धोक्याला एक दिसणारे रूप दिले. पडदा लाल झाला तर धोका, हिरवा असेल तर धोका नाही. ज्याचा पडदा हिरवा आला तो लिफ्टमध्ये चौघांबरोबर चढला, वर्तुळ करून गप्पा मारत उभा राहिला, शेजाऱ्याकडे चहाला गेला, कारण "गेटवर तपासूनच आलोय" हे वाक्य त्याच्याजवळ होते. तपासणी नसती तर कदाचित त्याने थोडे अंतर राखले असते. विषाणू हवेतून, बंद जागेतून, बोलण्या-खोकण्यातून पसरत होता आणि आम्ही गेटवर कपाळे मोजत होतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा तो प्रकार होता.

या तपासणीचा भार कोणावर पडला तेही सांगितले पाहिजे. एके दुपारी घरकामाला येणाऱ्या एक मावशी गेटवर थांबवल्या गेल्या. त्या बसथांब्यापासून उन्हात चालत आल्या होत्या, डोक्यावर पदर होता आणि गनने नारिंगी आकडा दाखवला. "मावशी, आज जावा घरी, ताप दाखवतोय," पहारेकरी म्हणाला, आणि त्या काही न बोलता वळल्या. त्यांचा त्या दिवसाचा पगार कापला जाणार हे तेथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला माहीत होते. मी त्यांना थांबवून बाकावर सावलीत बसवले, पाणी दिले, आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजले तेव्हा आकडा नेहमीचा आला. त्याच मधल्या वेळेत परदेशाहून नुकत्याच परतलेल्या एका कुटुंबाची मोटार आली, काच चार बोटे खाली झाली, चौघांचे आकडे हिरवे आले आणि गाडी आत गेली. त्यांना कोठून आलात, हे कोणीही विचारले नाही. वहीत तसा रकानाच नव्हता. धोका कोणाकडून येऊ शकतो याविषयी आपल्या मनात जे आधीपासून ठरलेले असते त्याला या उपकरणाने शास्त्रीय पुराव्याचे रूप दिले, आणि याचे मला आजही वाईट वाटते.

याच सुमारास राज्य सरकारने घरी विलगीकरणात राहणाऱ्यांच्या डाव्या हातावर शाईचा शिक्का मारण्यास सुरुवात केली. त्यावर पुष्कळ टीका झाली आणि माणसाच्या अंगावर शिक्का मारणे मलाही रुचले नव्हते. तरीही साथरोगाच्या दृष्टीने शिक्क्यातील माहिती गनच्या आकड्यापेक्षा कितीतरी उपयोगाची होती, कारण हा माणूस कोठून आला आहे आणि त्याने कोणत्या तारखेपर्यंत घरी राहायला हवे, हे तो सांगत होता. १८ मार्चला हातावर शिक्का असलेल्या चार प्रवाशांना पालघर येथे गरीब रथ गाडीतून उतरवण्यात आले ते सहप्रवाशांनी आणि तिकीट तपासनिसाने शिक्का पाहिल्यामुळे. तेथे गनवर विसंबले असते तर, ताप नसल्यास, ते आपल्या गावी पोहोचले असते.

गनचा योग्य वापर कसा असतो, हेही याच राज्यात पाहायला मिळाले. सप्टेंबर २०२० मध्ये सुरू झालेल्या 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत पथके घरोघर जात असत. त्यांच्याजवळ थर्मल गन होती, सोबत रक्तातील ऑक्सिजन पाहणारे ऑक्सिमीटर होते आणि घरात कोणाला मधुमेह, रक्तदाब किंवा अन्य जुना आजार आहे का याची विचारपूस होती. तेथे गन हा चार प्रश्नांपैकी एक प्रश्न होता. ताप नाही म्हणून कोणाला निर्धोक ठरवले जात नव्हते, उलट ऑक्सिजन कमी आढळला तर ताप नसतानाही पुढे पाठवले जात होते. तेच उपकरण, तोच आकडा, परंतु तो पाहणाऱ्या आशाताईंना त्या आकड्याची मर्यादा ठाऊक होती.

याउलट २०२१ च्या सुरुवातीला, दुसरी लाट उंबरठ्यावर असताना, मंगल कार्यालयांच्या दारांवर पाहुण्यांच्या मनगटावर गन टेकवून लगेच हातावर सॅनिटायझरचा थेंब टाकला जात होता आणि आत शेकडो माणसे पंगतीला बसत होती. गन दाखवण्यासाठी होती आणि पाहुणेही ती दाखवण्यासाठीच आहे असे समजून चालत होते.

खरेदीविषयी काही सूचना कराव्याशा वाटतात. खोक्यावरची मोजमापाची कक्षा आवर्जून वाचावी. शरीरासाठी बनवलेल्या गनची 'बॉडी' मोडमधील कक्षा साधारण ३२ ते ४३ अंश सेल्सिअस असते आणि अचूकता ०.२ ते ०.३ अंशांची लिहिलेली असते. खोक्यावर उणे ५० ते ३८० किंवा त्याहून अधिक अंशांची कक्षा आणि लाल लेझर ठिपका असेल, तर ती कारखान्यातील पाइप, मोटार किंवा भट्टी तपासण्याची गन आहे. तिची चूक दीड-दोन अंशांपर्यंत असू शकते, म्हणजे निरोगी माणूस आणि तापाने फणफणलेला माणूस यांतला फरकही तिला कळेलच असे नाही. २०२० च्या टंचाईत अशा गन दुकाने आणि कार्यालये यांच्या दारांवर मी सर्रास पाहिल्या. लेझरचा ठिपका डोळ्यांवर पडू देणे धोक्याचे आहे, ही तिची आणखी एक उणीव. भिंगावर धूळ किंवा सॅनिटायझरचा थर बसला तर आकडा बिघडतो, म्हणून ते स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाने हलक्या हाताने पुसावे आणि सुकल्यावरच वापरावे. गन बराच काळ वापरायची नसेल तर सेल काढून ठेवावेत, ते पाझरले तर संपर्कपट्ट्या गंजतात आणि दुरुस्तीचा खर्च नव्या गनइतका येतो.

घरात लहान मूल किंवा आजारी वृद्ध असतील तर ही गन जरूर घ्यावी, आणि सोबत साधा डिजिटल थर्मामीटर ठेवावा. दवाखान्याच्या प्रतीक्षाकक्षात, तापाच्या रुग्णाला वेगळे बसवण्यासाठी, तिचा उपयोग आहे. सोसायटी, शाळा, कार्यालय किंवा समारंभाच्या दारावर नवी साथ अडवण्यासाठी ती घेऊ नये. आमच्या संस्थेने त्या वहीतील तापमानाचा रकाना काढून टाकला आहे. त्याजागी घरात कोणी आजारी आहे का आणि गेल्या दोन आठवड्यांत बाहेरगावी किंवा परदेशी प्रवास झाला आहे का, हे दोन प्रश्न रहिवाशांसह सर्वांसाठी छापले आहेत. सर्दी-खोकला असलेल्या पहारेकऱ्याने, सफाई कामगाराने आणि घरकाम करणाऱ्या मावशींनी घरी राहावे, आणि त्या दिवसांचा पगार कापला जाऊ नये, असा ठरावही सर्वसाधारण सभेत मंजूर झाला आहे. या ठरावासाठी जो खर्च येतो तो नव्या गनवर होणाऱ्या खर्चापेक्षा जास्त आहे आणि तो दरवर्षी करावा, असे माझे संस्थेला लेखी सांगणे आहे.